निळ्या डब्यातला चहाचा चोथा

निळ्या डब्यात चहाचा चोथा पडलेला दिसला, तेव्हा दिनानाथांना पहिल्यांदा झाला तो आनंद. पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या आनंदाची लाज वाटत राहिली, पण त्या क्षणी ओट्याशी उभ्या उभ्या त्यांचं काळीज टुणकन उडालं. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं त्यांचं स्वयंपाकघर, खिडकीतून आत आलेलं सकाळचं ऊन, गॅसवर निवत आलेलं पातेलं आणि ओट्याखाली शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे. ओल्या कचऱ्याचा हिरवा, सुक्याचा निळा. निळ्यात दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, आणि त्यांच्यावर आल्याचा वास मारणारा गरम चोथा. ही गोष्ट घडूच शकत नव्हती. सूर्य पश्चिमेला उगवला असता तर दिनानाथांनी एक वेळ खिडकीचीच दिशा चुकली असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण अरुंधतीने ओला कचरा निळ्या डब्यात टाकावा? कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारोदार यायला लागली, तेव्हा ओलं काय आणि सुकं काय हे अख्ख्या गल्लीला तिने शिकवलं होतं. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेली बाई; पाहुण्याने केळ्याची साल चुकीच्या डब्यात टाकली, तर ती चिमट्याने उचलून, त्याच्याकडे बघत बघत हिरव्यात टाकायची. लेकीच्या, निधीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनाही तिने सोडलं नव्हतं. तेव्हा चोथा निळ्या डब्यात आहे, याचा अर्थ एकच होता. हे स्वप्न आहे, आणि स्वप्नात असतानाच ते स्वप्न आहे हे आपल्याला कळलेलं आहे. जमलं! इतकी वर्षं डोकं फोडल्यावर एकदाचं जमलं!

त्यांनी घाईघाईने उजवा हात डोळ्यांसमोर धरला. स्वप्नात हाताची बोटं धड राहत नाहीत, सहा होतात, सात होतात, एकाला दुसरं फुटतं, असं त्यांनी वाचलेलं होतं. बोटं पाच होती. असतील, म्हणून त्यांनी नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं आणि श्वास ओढला. स्वप्नात नाक कितीही दाबलं तरी श्वास येतो, कारण अंथरुणातल्या माणसाचं खरं नाक मोकळंच असतं. श्वास आला नाही. त्यांनी पुन्हा ओढला, कान बंद झाले, डोळ्यांत पाणी आलं. दुधाच्या पिशवीवरची अक्षरं त्यांनी एकदा वाचली, मान वळवली, परत वाचली. एकही अक्षर हललं नव्हतं. नाक धरलेल्या अवस्थेतच ते तसेच उभे राहिले आणि मग हळूहळू, पायांकडून थंडी वर चढत यावी तशी, दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. हे जर स्वप्न नसेल, तर चोथा खरोखरच निळ्या डब्यात आहे. आत देवघरातून अरुंधतीच्या घंटेचा आवाज येत होता. दिनानाथ खाली बसले, बोटांनीच तो चोथा उचलून त्यांनी हिरव्या डब्यात टाकला, पिशवी पुसली आणि चोरासारखे हात धुऊन बाहेर येऊन पेपर उघडून बसले.

खरं तर या नादाची सुरुवात अरुंधतीनेच करून दिली होती. दिनानाथ कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत, आणि दर वर्षी पहिल्या तासाला तोच प्रश्न विचारत, ‘आत्ता तुम्ही जागे आहात, हे कशावरून?’ पोरं चक्रावत, कुणी स्वतःला चिमटा काढे, आणि एकदा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला होता, ‘सर, सपने में आपकी क्लास कौन देखेगा?’ सगळा वर्ग फुटला, दिनानाथही हसले, आणि मनात म्हणाले की पुरावा म्हणून हे काही वाईट नाही. निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्यांनी हा किस्सा घरात परत सांगितला, तेव्हा मटार सोलत बसलेली अरुंधती म्हणाली, ‘पण त्यात विचारायचं काय? स्वप्नात तर माहीतच असतं ना, की स्वप्न आहे म्हणून.’ तिचे वडील पोस्टात होते, तिचं लहानपण इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याला गेलेलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोटाची लढाई होते. हिंगोट नावाच्या पोकळ फळात दारू ठासून, पेटवून दोन गट एकमेकांवर फेकतात. लहानपणी अरुंधतीला त्याची फार भीती. रात्री स्वप्नात जळता हिंगोट सूं सूं करत तिच्याच अंगावर यायचा, आणि एकदा तो येताना दिसला आणि तिला कळलं, अरे, हे तर स्वप्न आहे. ‘मी त्याला म्हटलं, थांब. थांबला बिचारा. हवेत. मी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, चांगला बघून घेतला.’ ‘मग?’ दिनानाथ पुढे सरकले. ‘मग काय, फ्रॉकच्या खिशात टाकला. तेव्हापासून मला कळतंच. तुम्हाला नाही कळत?’ चार दशकांच्या संसारात ही गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असंच तिला वाटलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. जन्मभर ज्या प्रश्नावर आपण पोटाला मिळवलं, त्याचं उत्तर आपल्याच घरात मटार सोलत बसलं होतं.

मग दिनानाथांनी या विषयावर मिळेल ते वाचलं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत म्हणे झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे मिटल्या पापण्यांखाली डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले, आणि यंत्राशी बसलेल्या जाग्या माणसाला कळलं की आतला माणूस सांगतो आहे, मी स्वप्नात आहे आणि मला ते ठाऊक आहे. झोपेच्या आतून बाहेर पोचलेला निरोप! हे वाचून ते दिवसभर हवेत होते. त्यांना उडायचं नव्हतं, स्वर्ग बघायचा नव्हता. जे मन फसतं आहे, तेच मन आपण फसतो आहोत हे कसं पकडतं, एवढंच एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. उशाशी वही ठेवून झाली. पण चष्मा सापडेपर्यंत स्वप्न निसटायचं आणि वही कोरीच राहायची. जागेपणी वारंवार तपासत राहिलं की ती सवय झोपेतही उतरते, असं वाचून त्यांनी जागोजागी बोटं मोजायला आणि नाक धरायला सुरुवात केली. सिग्नलला, बँकेत, आणि एकदा तर शेजाऱ्यांकडच्या तेराव्याला, तेव्हा समोर बोलणाऱ्या गृहस्थाने स्वतःचा शर्ट हुंगून पाहिला. अरुंधती हसून हसून बेजार व्हायची. ‘नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात,’ ती म्हणायची, ‘तुमचं तर काहीच उघडत नाही.’ रोज सकाळी ते तिला हेव्याने विचारत, ‘काल गेली होतीस?’ आणि ती म्हणे, ‘गेले होते ना. नर्मदेवरून चालत. पाणी फार थंड होतं हो.’ कशावरून कळतं ते मात्र तिला सांगता येत नसे. ती म्हणे, ‘घरात आल्यावर हे आपलंच घर, हे तुम्हाला कशावरून कळतं? तसंच ते.’

अलीकडे तिने हे सांगणं बंद केलं होतं. दिनानाथांना वाटलं होतं, कंटाळली असेल. आता उघड्या पेपरामागे बसून त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. परवा पोह्यांवर तिने जीरावण मसाला भुरभुरला, सेव घातली आणि पुन्हा जीरावण भुरभुरलं. त्यांना ठसका लागला आणि दोघं हसली. राजवाड्याजवळ एका दुकानातून बाहेर पडताना ती दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून निघाली होती. त्यावरही ती दोघं हसली होती. नर्मदेच्या उपनद्या ती एका दमात म्हणायची, शेर, शक्कर, दूधी, तवा. परवा दूधीपाशी थांबली आणि ‘जाऊ दे, गाळ साचलाय’ म्हणाली. किती छान बोलली म्हणून त्यांनी ते वाक्य निधीला फोनवर सांगितलंही होतं. भिंत, पंखा, पेपर, स्वतःचा हात, कशावरही संशय घ्यायची सवय त्यांनी स्वतःला इतक्या निष्ठेने लावून घेतली होती, आणि अरुंधतीवर मात्र एकदाही संशय घेतला नव्हता. तो घ्यायची त्यांची आताही इच्छा नव्हती. म्हणून रोज ती देवघरात गेली की ते ओट्याखाली डोकावू लागले. चोथा जागच्या जागी असला की त्यांचा दिवस सणासारखा जायचा, आणि नसला की ते तो हलवायचे आणि डबे घेऊन स्वतःच गाडीपाशी जायचे. गाडीवरच्या शोभनाने एकदा विचारलंच, ‘क्या बात है अंकलजी, आजकल आप ही आते हो? आंटीजी तो हमको डाँटने के लिए रोज आती थीं.’ ‘उनको सर्दी है,’ दिनानाथ म्हणाले. तिच्या दटावणीशिवाय शोभनालाही करमत नव्हतं, हे ऐकून त्यांना तिथेच रस्त्यावर भरून आलं.

रविवारी निधी आली. ती विजय नगरला एका आयटी कंपनीत होती आणि आली की वाऱ्यासारखी घरभर फिरायची. ‘बाबा, सपना आला की नाही अजून? ऑफिसमध्ये सगळे विचारतात मला, अंकल का लॉन्च कब है.’ अरुंधतीने तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती, आणि ती अप्रतिम झाली होती, म्हणून दिनानाथ खुशीत होते. पण हात धुवायच्या निमित्ताने निधीने त्यांना गॅलरीत गाठलं. ‘आई ठीक आहे ना? काल एकाच कॉलमध्ये तिने मला तीनदा विचारलं, येतेस ना म्हणून. मतलब, सही में ठीक आहे ना?’ समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात टाकत होतं. आत्ता आपण काय म्हणू त्यावर सगळं अवलंबून आहे, असं दिनानाथांना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं नव्हतं तोवर ती गोष्ट फक्त ओट्याखाली होती, त्यांच्या आणि दोन डब्यांच्या मध्ये. ‘अगं, वय होतंय आमचं,’ ते म्हणाले, ‘मला तरी कुठे काल काय जेवलो ते आठवतं.’ अशा युक्तिवादाला परीक्षेत त्यांनी शून्य दिलं असतं. निधीने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि ती आत गेली. तिच्याशी आपण खोटं बोललो आणि तिला ते कळलं, हे त्यांना फार लागलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात पोहे खाऊन परत येत होती. दिनानाथ औषधाच्या दुकानात शिरले, अरुंधती बाहेर फुटपाथवर थांबली. गोळ्या मिळेपर्यंत ते सहज वळले आणि काचेतून त्यांना ती दिसली. डाव्या हाताच्या बोटांवरून तिचा उजवा अंगठा हळूहळू फिरत होता. जप करते आहे, असं त्यांना वाटलं. पण अरुंधती कधी जप करत नसे. अंगठा शेवटच्या बोटावर थांबला, परत पहिल्यावर आला. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर चेहऱ्याशी नेला जणू नाक पुसते आहे, पदराआडून नाक चिमटीत धरलं आणि तिचे खांदे वर झाले. ते खांदे कशाने वर होतात हे साऱ्या इंदूर शहरात दिनानाथांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानदार ‘अंकलजी, आपकी दवाई’ म्हणत राहिला. बाहेर आल्यावर ती हसून म्हणाली, ‘चला,’ आणि जागची हलली नाही. दिनानाथ कुठल्या बाजूला वळतात ते बघून, अर्धं पाऊल मागे राहून, ती चालायला लागली. हेही तिचं नवीन नव्हतं. कित्येक महिने ती अशीच अर्धं पाऊल मागे चालत होती आणि त्यांना वाटत होतं की तिचे गुडघे दुखतात.

वाटेतल्या बागेत बाकावर ते बसले आणि तिलाही बसवलं. ‘अरुंधती, तू नाक धरलं होतंस.’

‘सर्दी झालीय.’

‘बोटंही मोजलीस.’

घसरगुंडीवर दोन मुलं भांडत होती, त्यांच्याकडे ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘पाच भरली.’

‘कधीपासून हे?’

‘दिवाळीच्या आधीपासून असेल. एकदा जिना उतरून खाली आले, तर खाली गौतमपुरा. मतलब, होती आपलीच गल्ली, पण मला गौतमपुरा लागलं. पोस्टाची भिंत-बिंत सगळी. मला काही भीती नाही वाटली. मी समजले स्वप्न आहे, आणि स्वप्नात तर मी कुठेही जाते ना. म्हणून निघाले मजेत रस्त्याच्या मधून. समोरून एक मोटारसायकल आली. मी हात केला आणि म्हटलं, थांब.’ तिने बागेतही तसाच हात पुढे केला. ‘तो नाही थांबला हो. अगदी अंगाजवळून गेला. अम्मा, मरना है क्या, असं ओरडून गेला. तेव्हा कळलं. मग घरी येऊन मी तुमचं ते सगळं केलं, बोटं, नाक. मला आधी आपोआप कळायचं, आता तपासावं लागतं. तुम्ही हसवून हसवून शिकवलंत ते कामाला आलं बघा.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही मला वहीत उतरवलं असतं!’ ती हसली, अगदी पहिल्यासारखी, आणि मग थांबली. ‘आणि रोज सकाळी तुम्ही चोथा हलवता, ते मला कळत नाही असं समजू नका. तुम्ही काही बोलत नव्हता, म्हणून मीही नाही बोलले.’

आतला माणूस इतके दिवस बोटं मोजून निरोप पाठवत होता, आणि बाहेरचा माणूस पेपर वाचत बसला होता. ‘मला भीती वाटते,’ दिनानाथ शेवटी म्हणाले. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्यांनी तिच्यापाशी कधी उच्चारलं नव्हतं. तिने त्यांचा हात मांडीवर घेतला. ‘मलाही वाटते ना. पण निधीला आपणच सांगू, तिला बाहेरून कळायला नको. आणि डॉक्टरकडे जाऊ तेव्हा तुम्ही तिथे लेक्चर द्यायचं नाही.’ त्याच संध्याकाळी त्यांनी निधीला फोन केला. ती रडली, रागावली, आणि फोन ठेवायच्या आत तिने डॉक्टरची वेळ घेऊनही टाकली.

त्या दिवसापासून दिनानाथांनी आपलं तपासणं सोडलं. आणि डॉक्टरकडे जायच्या आदल्या दुपारी, पेपर छातीवर घेऊन डुलकी लागली असताना, ते आलं. स्वयंपाकघरच होतं. अरुंधती कुणा पाहुण्याला झाडत होती, ‘साल हिरव्यात, किती वेळा सांगायचं?’ आणि चहा गाळता गाळता नद्या म्हणत होती, शेर, शक्कर, दूधी, तवा, न अडखळता, पुढच्याही सगळ्या. तिने गाळणं आपटून चोथा हिरव्या डब्यात टाकला. दिनानाथांना इतकं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्यातच काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी टेबलावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं सहा होती. त्यांना कळलं, स्वच्छ कळलं, दुपारच्या उजेडासारखं. हेच ते, फसणारं मन आणि पकडणारं मन समोरासमोर, यासाठीच सगळा खटाटोप केला होता. विचारायचे प्रश्न ठरलेले होते, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे होते. दिनानाथांनी हात हळूच टेबलाखाली घेतला, तिला दिसू नये म्हणून. ‘अजून अर्धा कप दे,’ ते म्हणाले. ‘थांब’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, पण तो उच्चारायचा धीर त्यांना झाला नाही. तिने चहा ओतला, समोर बसली, आणि कप संपेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं गाणं लांबून ऐकू आलं, तेव्हा दोघं ओट्याशीच होती. अरुंधती डॉक्टरकडे जायचं म्हणून चांगली साडी नेसली होती. ‘काय झालंय? कालपासून चेहरा असा का?’ तिने विचारलं. ‘स्वप्न पडलं,’ दिनानाथ म्हणाले, ‘आणि कळलं.’ ‘काय सांगता!’ तिने दोन्ही हात गालांवर नेले. तिला झालेला आनंद अगदी खरा होता. ‘मग काय केलंत? उडालात?’

‘नाही. चहा प्यालो.’

‘हात्तिच्या! इतक्या वर्षांची तपश्चर्या आणि चहा?’ ती हसायला लागली, आणि हसता हसता तिची नजर खिडकीकडे, पातेल्याकडे, परत त्यांच्याकडे गेली आणि जराशी हलली. ‘आणि हे?’ तिने हळू विचारलं. ‘हे आत्ताचं?’ आपलं नाक धरायला तिने हात उचलला, मध्येच थांबवला, आणि पुढे होऊन दिनानाथांचंच नाक चिमटीत धरलं. ‘माझ्या नाकाचा आता भरवसा नाही. तुम्ही घ्या श्वास.’

दिनानाथांनी तोंड मिटलं. इतकी वर्षं ते कुतूहलाने श्वास ओढत आले होते. आज त्यांनी छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला, कधी कुठल्या देवापुढे केली नव्हती अशी याचना करत, की येऊ दे, एवढा एकदा येऊ दे.

‘नाही येत,’ ते नाकात म्हणाले.

‘मग खरं आहे,’ अरुंधती म्हणाली. तिने नाक सोडलं, पदराने त्यांचे डोळे पुसले आणि खाली वाकून दोन्ही डबे उचलले. गाडी दारात येऊन थांबली होती. ‘चला, शोभना पुढे जाईल. यातला गीला कोणता, तेवढं सांगा.’

‘हिरवा,’ दिनानाथ म्हणाले, आणि तिच्या हातातला तो डबा त्यांनी एका बाजूने धरला.